पाण्यावरून चालत आलेलं लुगडं

स्कॉटलंडच्या समुद्रकाठी दिसलेलं भूत माझं होतं. म्हणजे लुगडं माझं होतं, कुंकू माझं होतं, आणि त्याच्या पोटात वाजत होतं ते बिस्किटाचं डबडंही मीच बांधलं होतं. त्या भुताला सगळ्यात जास्त कोण भ्यालं ते पुढं येईलच. (लपवून उपयोग नाही. नातीला कळलेलं आहे.)

मी तिवशाजवळच्या खेड्यातली. शाळा चौथीपर्यंत, बाकीची शाळा वावरात झाली. परदेशी नेण्यासारखं माझ्यात काही नव्हतं. पण माझी नात सुषमा अमरावतीला कॉलेजात पशुपक्ष्यांचं शिकत होती आणि तिनं कुठंतरी अर्ज टाकला. समुद्राच्या काठावर एक पाहुणघर होतं. तिथं देशोदेशीची माणसं येतात, राहतात, जेवतात आणि त्याच्या बदल्यात पाखरांची राखण करतात. जोडीनं यायचं, अशी त्यांची अट. तिकिटंही तेच काढणार. सुषमासोबत जाणाऱ्या मैत्रिणीचं ऐन वेळी लग्न ठरलं.

"एकटी पोट्टी पाठवत नाही म्हणजे नाही," सुषमाचा बाप म्हणजे माझा लेक म्हणाला.

"मंग मी जाईन तिच्यासंगं."

"तू? नागपूरच्या एस.टी.त तुले उलट्या होतेत!"

"थे एस.टी. होय. हे इमान होय."

आमचा बुढा, म्हणजे सुषमाचा आजा, ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे रे तिले. महिनाभर घर शांत राहीन."

झालं, ठरलं.

खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. त्या वर्षांत आमच्याकडं शहरातली माणसं गाड्या भरून येत. वह्या काढत, आवाज बारीक करत आणि विचारत, "आजी, कसं वाटतं?" मी कापूस वेचत असले तरी माझ्याकडं मयताला आल्यासारखं बघत. कापसाचं वाईट चाललं होतं हे खरं, पण म्हणून माझ्या तोंडाकडं बघून रडायचं काय कारण? एकदा एका बाईनं माझा हात हातात घेतला. त्या हातात विळा होता म्हणून लवकर सोडला. तेव्हाच मनात आलं, आता आपणही कुठंतरी लांब जावं आणि दुसऱ्याच्या नुकसानीकडं तोंड पाडून बघून यावं!

तर तिथं पोचलो.

जागा काही बरी नव्हती. घर दगडी, एकटं, मागं माळ आणि पुढं पाणी. शेजार नाही. झाड नाही. वारा कुंपणाच्या तारांमधून जायचा तेव्हा कुणीतरी तोंड मिटून रडतंय असा आवाज यायचा. आणि अंधार म्हणून पडायचा नाही! जेवणं होऊन भांडी घासली तरी बाहेर उजेड, पण तो उजेड ऊनही नव्हे आणि चांदणंही नव्हे. त्या उजेडात सावल्या पडत नसत. पाण्यातून काळी, टकली डोकी वर यायची आणि मोठ्या ओल्या डोळ्यांनी आमच्याकडं टक लावून बघायची.

"आजी, थे सील हायेत. पाण्यातलं जनावर," सुषमा म्हणाली.

"जनावर हाय तं माणसासारखं काहून पाहून राहिलं?"

"तुलेच पाहून राहिले. नऊवारी पहिल्यांदाच पाहत असतीन."

पाहुणघर सांभाळणारी बाई मोराग. माझ्याच वयाची, हाडकुळी, केस पांढरे, तोंडात शब्द कमी. तिचं बोलणं मला कळत नव्हतं आणि माझं तिला, म्हणून आमचं पहिल्या दिवसापासून पटलं. चौथा एक उंच पोरगा होता, पाखरं मोजायला ठेवलेला. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसेना, मी त्याला लांब्या म्हणायची. तोही ओ द्यायचा.

पाखरं मात्र देखणी. पांढरी, डोक्यावर काळी टोपी, शेपटी कात्रीसारखी. घरटं कसलं बांधतात? वाळूत नुसता खळगा आणि त्यात दोन अंडी, गोट्यांसारखी ठिपक्यांची. शेकडो पाखरं तिथं बसायची आणि दिवसभर असा कालवा करायची की तिवशाचा बाजार बरा. त्या वाळूला चारी बाजूंनी दोरी लावलेली होती. दोरीच्या आत कुणी जायचं नाही.

पहिल्याच जेवणाला मोरागनं काहीतरी सांगितलं आणि सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. सुषमानं मला हळूच सांगितलं, "आजी, दोन वर्षं झाले, पाखरं अंडे टाकून उडून जातेत. दोन्ही हंगाम वाया गेले. औंदा पिल्लं निंघाले नाही तं हे घर बंद करणार हायेत. मोरागबाई तीस वर्षांपासून इथीच राहते. तिले दुसरीकडं घर नाही."

दोन हंगाम गेले, हा तिसरा. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी मोरागच्या ताटात माझ्या वाटचा बटाटा वाढला. तिनं तो खाल्ला.

माझं काम सोपं होतं. दोरीपाशी लाकडाची खोली होती, आमच्या वावरातल्या राखणीच्या माळ्यासारखी, फक्त खाली उतरवलेली. न्याहारी झाली की तिथं बसायचं आणि कुत्रं किंवा माणूस आलं की उठून हात हलवायचा. चाळीस वर्षं ज्वारीची राखण केली, हे मला काय जड! पण तिसऱ्या दिवशी एक कावळा आला. मोठा, मस्तवाल. दोरीच्या आत उतरला, टुकटुक चालत गेला, पाखरांच्या आरडाओरड्याला न जुमानता एक अंडं उचललं आणि माझ्यासमोरून नेलं. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा!

"सुषमे, गोफण भेटते का इथी?"

"आजी! दगड मारायचा नाही."

"मंग काय करायचं?"

"लिहून ठेवायचं. कावळा आला, एक अंडं नेलं."

"तं थो पुऱ्या वाळूतले अंडे खाईन अन् आपण लिहीत बसू?"

"इथला कायदाच तसा हाय."

कायदा दगडाचा होता. बुजगावण्याचा नव्हता. (विचारलं नाही, म्हणून नव्हता.)

दुपारी सुषमा आणि लांब्या पलीकडच्या खाडीवर गेले, मोराग भाकरीसारखं काहीतरी भाजत बसली. मी कामाला लागले. लाटांनी आणून टाकलेले दोन वासे घेतले आणि फुलीसारखे बांधले. डोक्याला मडकं कुठलं मिळणार? कोळ्यांच्या जाळ्याचा पांढरा पोकळ गोळा पडला होता, पाण्यावर तरंगणारा, तो चढवला. धुऊन धुऊन पांढरं पडलेलं माझं एक लुगडं होतं, ते नेसवलं. नीट नेसवलं हं, कासोटा घालून. बुजगावणं झालं म्हणून काय बाई उघडी ठेवायची? काजळानं मोठे डोळे काढले. कपाळ मोकळं बरं दिसेना, म्हणून माझ्या डबीतलं कुंकू लावलं. पोटात डबडं बांधलं आणि त्यात खडा टाकला. वारा आला की ठण्. आणि पडू नये म्हणून पायाशी दगडांची पिशवी बांधून, दोरीच्या बाहेर, समुद्राच्या अंगाला गुडघाभर खड्डा करून उभं केलं.

भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं हे मला कोण सांगणार? आमच्या तिवशात भरती येत नाही.

कावळा आला. त्यानं बाईकडं बघितलं. ठण् झालं. कावळा गेला! मी इतकी खूश झाले की घरी जाऊन मोरागच्या हातचा तो काळा कडू चहा दोन कप प्याले.

संध्याकाळी धुकं आलं. आमच्याकडं हिवाळ्यात वावरावर धुवारी पडते ती खालून वर येते. हे समुद्राकडून आलं, भिंत सरकावी तसं. आधी पाणी गेलं, मग वाळू गेली, मग ती लाकडी खोली. आम्ही चौघं खिडकीशी उभे. काही दिसत नव्हतं, फक्त पाखरांचा कालवा ऐकू येत होता.

आणि तो थांबला.

कमी कमी होत नव्हे. एकदम थांबला, जसं शेकडो गळे एका हातानं दाबले. असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. मग वाळूवरून, अगदी जमिनीला लागून, पंखांचा फडफडाट समुद्राकडं गेला. एक पाखरू ओरडलं नाही. लांब्यानं हातातली वही खाली ठेवली. मोराग खुर्चीवर बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे टाकले.

"गेले," सुषमा म्हणाली. "आजी, समदेच गेले वं."

"येतीन. कुठं जातेत?"

"दोन वर्षं असेच गेले होते."

जेवण कुणाला गेलं नाही. मोराग बोलायला लागली, खिडकीकडं बघत, आणि सुषमा मला सांगत गेली. फार वर्षांमागं तिथं एक बाई शिंपले वेचायला बादली घेऊन वाळूवर गेली. धुकं आलं, वाट सापडेना, आणि पाणी चढलं. तेव्हापासून धुक्यात ती कधी कधी दिसते. पांढऱ्या कपड्यात. बादली वाजते. ती आली की पाखरं गप होतात आणि निघून जातात.

"बादली... कशी वाजते म्हणे?" मी विचारलं.

सुषमानं मोरागला विचारलं. मोरागनं चमचा घेतला आणि पेल्यावर एकदा मारला.

ठण्.

मी हातातला पावाचा तुकडा ताटात परत ठेवला. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलंही, पण मोरागचं तोंड बघितलं आणि पाण्याचा घोट घेऊन मिटलं. ठरवलं, सकाळी जाऊन गुपचूप उपटून टाकू. भुतावर माझा विश्वास नाही. चाळीस वर्षं अंधारात वावराला पाणी ओलायला गेले, एक भूत दिसलं नाही. दिसलं असतं तर त्यालाच पाटाच्या पाण्याची दारं मोडायला लावलं असतं.

सकाळी धुकं तसंच. मोरागनं सगळ्यांना बजावलं, वाळूवर कुणी जायचं नाही. मी संडासला जाते असं खुणेनं सांगितलं आणि मागच्या दारानं निघाले. रबराचे बूट घातले होते. दोरी सापडली, ती हातात धरून चालू लागले. स्वतःचा हात दिसत होता, त्यापुढं काही नाही. दोरीला लागूनच एक घरटं होतं. दोन अंडी उघडी पडली होती. एका अंड्याला बोट लावलं. गार. नदीतल्या गोट्यासारखं गार.

तिथं पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

दोरीचा कोपरा आला. इथंच बुजगावणं असायला हवं. बघते तर खड्डा. खड्ड्यात पाणी. बुजगावणं नाही! खाली वाकून चाचपलं. वासा नाही, पिशवी नाही, काही नाही. मनाला म्हटलं, कुणीतरी नेलं असेल. पण इथं नेणारं होतं कोण?

ठण्.

आवाज समुद्राकडून आला. मी सरळ झाले. धुक्यात पांढरं काहीतरी उभं होतं. ते उभं नव्हतं. येत होतं. पाण्यावरून, संथ, खांदे न हलवता.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचं लुगडं ओळखू आलं नाही का? अहो, मी त्याला कोरडं आणि जमिनीत रोवलेलं ओळखत होते. पाण्यावरून चालत येणारं नाही! काजळ ओघळून डोळ्यांच्या जागी दोन काळी भगदाडं झाली होती आणि हनुवटीपर्यंत खाली आली होती. कपाळातून लाल ओघळ. पदर मागं पाण्यावर लांब पसरलेला.

"कोण वं?" मी म्हटलं. आवाज माझा नव्हता.

ठण्.

"बाई, मी तिवश्याची हावो. तुहं अन् माहं काही वैर नाही. पाखरं म्या हाकलले, थे खरं. पण तुह्या नावावर घालायचं माह्या मनात नव्हतं वं!"

तिनं मान डोलावली. (लाट होती. पण हे आता कळतं.)

मग मी पळाले. चाळीस वर्षांत बैल उधळले, साप निघाले, गोठा पेटला, मी पळाले नव्हते. त्या दिवशी पळाले. एक बूट वाळूत फसला तो तसाच सोडला. दोरी सुटली. कुठं चालले ते कळेना, तोंडातून "विठ्ठला, बापा, मायबाई" जे येईल ते. आणि धाडकन कुणावर तरी आदळले. हातात काठी, अंगावर झगा. मी किंचाळले. तीही किंचाळली. मोराग होती, मला शोधायला आलेली.

मी तिच्या मागं लपले आणि बोट दाखवलं. ती बाई आमच्याकडंच येत होती. मोराग गोठली. तीस वर्षं जिची धास्ती घेतली ती समोर! मला वाटलं, आता ही पळेल, आणि हिच्याएवढं मला पळता येणार नाही.

मोरागनं काठी माझ्या हातात दिली आणि पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात उभी राहून त्या भुताला मोठ्यानं बोलू लागली. शब्द कळले नाहीत, पण सूर पुरा कळला. शेजारणीची ढोरं आपल्या वावरात घुसली की बांधावर उभं राहून जो सूर लावतात, तोच! माझी पाखरं आहेत, माझं घर आहे, तू मेलेली असलीस तर तिकडं राहा. मग तिनं पदर धरला आणि ओढला.

मुंडकं निघून तिच्या हातात आलं.

तिनं ते उलटंपालटं करून बघितलं. मग कपाळावरचं ओघळलेलं कुंकू बघितलं. मग वळून माझं कपाळ बघितलं. तिथं भाषेचं काही काम नव्हतं.

मी दोन्ही कान धरले. काठी पडली. एक पाय बुटात, एक उघडा. मोराग ओल्या वाळूवर बसली आणि तिचे खांदे गदागदा हलू लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. हसता हसता एकदम थांबली आणि समुद्राकडं बघितलं. तिकडं काहीच नव्हतं. ना आवाज, ना पाखरू. मग मीही तिच्याशेजारी बसले.

आम्ही दोघींनी वासे लांब फेकले, लुगडं पिळून तिच्या झग्याखाली घातलं. वर डोकं आणि पायाशी दगड, म्हणून ते पाण्यात सरळ उभं तरंगत आलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतकं सरळ उभं राहणारं बुजगावणं मी वावरात कधी केलं नव्हतं. मग लाकडी खोलीत जाऊन बसलो. दोन म्हाताऱ्या, तीन बूट. मोरागच्या मांडीवर ते मुंडकं आणि मी मनातल्या मनात अंडी मोजत होते.

दुपारच्या सुमारास धुकं विरळ झालं. एक पाखरू आलं. घिरटी घातली, परत गेलं. मोरागनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी पिचली. मग ते पाखरू परत आलं, आणि त्याच्यामागं दोन. मग मोजता येईना. मग तो कालवा सुरू झाला, तिवशाच्या बाजाराला लाजवणारा. कानाला इतकं गोड काही लागलं असेल तर मला आठवत नाही.

सगळी अंडी वाचली नाहीत. पण पुष्कळ वाचली. पिल्लं चार-पाच दिवस उशिरा निघाली, असं लांब्यानं वहीत लिहिलं. घर राहिलं, मोराग राहिली. तिनं सगळ्यांना सांगितलं की ती बाई आली होती, तिला नीट समजावून परत लावून दिली.

"आजी, तू तिथीच होती म्हणे!" सुषमा डोळे मोठे करून म्हणाली. "तुले भेव नाही वाटलं?"

"मले? कशाचं?"

तीन महिन्यांनी मोरागचं पाकीट आलं. आत एक फोटो, तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीचा. फळीवर पांढरा गोळा, काजळाचे डोळे, कपाळावर ताजं लाल कुंकू. (टोमॅटोचा सॉस असेल, तिकडं कुंकू कुठलं.) खाली तिनं सगळी हकिकत लिहिलेली, बुटासकट. सुषमानं ती घरात मोठ्यानं वाचली. बुढा हसून हसून सुपारीचं खांड गिळून बसला.

त्याच वर्षी ज्वारी निसवून कणसं भरली तेव्हा तो म्हणाला, "आता तूच कर बुजगावणं. तुह्या बुजगावण्यानं परदेशातले पाखरं समुद्रात पळाले म्हणते."

केलं. तसंच केलं. लुगडं, काजळ, कुंकू, डबडं. दुसऱ्या दिवशी बघते तर चिमण्या त्याच्या डोक्यावर बसून कणसं खात होत्या आणि एक डबड्यात घरटं करायच्या विचारात होती.

"पाह्य," बुढा म्हणाला, "एक पाखरू भीत नाही."

दुपारची भाकर घेऊन मी बांधाच्या पलीकडून लांबच्या वाटेनं आले होते, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. अजून तशीच येते. आमच्या वावरात त्या बुजगावण्याला भिणारं पाखरू एकच आहे, आणि ते रोज दुपारी भाकर घेऊन येतं.